जपानी एकटीने शिकताना उमेद टिकत नाही

ताई, दीड वर्षापासून मी घरीच, एकटीने जपानी शिकतेय. नोकरी सांभाळून रोज रात्री अर्धा तास. हिरागाना-काताकाना या लिप्या पटापट झाल्या, पहिलं पाठ्यपुस्तक संपवलं, जपानीच्या परीक्षेची एन-५ ही सगळ्यात खालची पातळी पास झाले. मग ठरवलं, आता क्लास नको, आपलं आपण वाचायचं आणि जपानीत रोजनिशी लिहायची. तीन महिन्यांपूर्वी एक कादंबरी घेतली. एका पानात पन्नासेक शब्द अडतात. पान संपेपर्यंत वर काय झालं ते विसरलेलं असतं. अजून अकराव्या पानावरच आहे. रोजनिशीत रोज तेच, आज कामावर गेले, दमले, झोपले. बरोबर लिहिलंय की चूक, सांगायला कोणी नाही. फ्लॅशकार्डच्या ॲपमध्ये नऊशे कार्डं साचलीत, ते उघडायचीच भीती वाटते. माझ्यानंतर सुरू केलेले लोक पार वरची एन-२ पातळी पास झाल्याचे फोटो टाकत असतात. माझ्यात चिकाटीच नाही का? क्लास लावू? की सोडून देऊ?
– अकराव्या पानावर अडकलेली

अगं, सोडू नकोस. पण ती कादंबरी मात्र आजच कपाटात ठेव.

तुझं पत्र नीट वाचलं. चिकाटी नसल्याची एकही खूण मला त्यात सापडली नाही. दिवसभर काम करून, कोणी मागे लागलेलं नसताना, दीड वर्षं रोज रात्री पुस्तक उघडून बसणारी मुलगी चिवटच म्हणायची. घोडं अडलंय ते दुसरीकडेच. वाचायला घेतलंस ते फार अवघड आहे, लिहितेस ते फार तोकडं आहे, आणि तुझ्या वाचनाचा तुझ्या लिहिण्याशी काही संबंधच उरलेला नाही. या तिन्ही गोष्टी आपल्याला बदलता येतील.

आधी हे समजून घे की सुरुवातीला मजा का आली आणि आता का येत नाही. कोणत्याही भाषेत थोडेसे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे हजारो शब्द अधूनमधून डोकावतात. जपानीत 'वा', 'नो', 'नि', 'दे' हे प्रत्यय, जाणं-येणं-करणं-असणं ही क्रियापदं, हा-तो-इथे-तिथे, एवढं आलं की अचानक सगळीकडे ओळखीचं दिसायला लागतं. तेव्हा तू सोमवारी शिकलेला शब्द मंगळवारी भेटत होता. आता तू शिकतेस ते शब्द महिन्यातून एकदा भेटतात. तू तेवढीच मेहनत करतेयस, पण तिचं फळ लगेच डोळ्यांना दिसत नाही. हा टप्पा प्रत्येकाला लागतो आणि घरी शिकणारे बहुतेक जण इथेच गळतात, कारण त्यांना वाटतं आपलंच काहीतरी बिनसलं. उमेद आधी गोळा करायची आणि मग वाचायला बसायचं, असं होत नाही गं. वाचलेलं समजलं की उमेद आपोआप येते. म्हणून समजेल असं वाच. माझं सगळं सांगणं एवढ्यावरच उभं आहे.

समजेल असं म्हणजे किती सोपं? हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर एक अभ्यास केला होता. कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची, तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. तुझ्या कादंबरीच्या पानात अडीचशे-तीनशे शब्द असतील आणि त्यातले पन्नास अडतात, म्हणजे शंभरात पंधरा-वीस. त्याला वाचन म्हणत नाहीत, ते उत्खनन झालं. कामावरून दमून आल्यावर रात्री साडेदहाला कोणालाही ते झेपणार नाही, आणि झेपलं नाही म्हणून स्वतःला बोल लावायचंही कारण नाही.

आता काय वाचायचं ते सांगते. जपानमध्ये 'तादोकु' नावाची वाचनाची एक रीत आहे, म्हणजे सोपं सोपं आणि भरपूर वाचायचं. तागेंगो तादोकु नावाची ना-नफा संस्था परदेशी शिकणाऱ्यांसाठी खास लिहिलेल्या छोट्या गोष्टी पातळीनुसार तयार करते. त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पातळ्यांना आकडे असतात, शून्य पातळीला साडेतीनशेच्या आसपास शब्द पुरतात, कांजीवर, म्हणजे चिनी अक्षरांवर, त्यांचा उच्चार छापलेला असतो आणि भरपूर चित्रं असतात. त्यांचे नियम चारच. सोप्यापासून सुरुवात करा, शब्दकोश उघडू नका, अडलं ते सोडून पुढे जा, आणि पुस्तक जमत नसेल तर ते ठेवून दुसरं घ्या. तुझ्यासारख्या कष्टाळू मुलींना चौथा नियम सगळ्यात जड जातो. हातात घेतलेलं पुरं करायचं, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. इथे ते विसर. एन-५ झालंय म्हणून थेट वरच्या पातळीला हात घालू नकोस. शून्यापासून सुरू कर आणि एका बैठकीत पूर्ण गोष्ट संपवून बघ. शेवटचं पान उलटल्यावर जे वाटतं, ते तुला तीन महिन्यांत एकदाही वाटलेलं नाही.

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांकडे मात्र सोपी असतील म्हणून वळू नकोस. बरेच जण ही चूक करतात. जपानी मूल पुस्तक हातात घेतं तेव्हा त्याच्या कानावरून हजारो शब्द आधीच गेलेले असतात, म्हणून त्या पुस्तकांत बोलीतली रूपं आणि आवाजांचे शब्द मनसोक्त येतात. शिवाय बहुतेक मजकूर हिरागानात असतो. कांजी अवघड वाटते खरी, पण शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तीच डोळ्यांना दाखवते. नुसत्या हिरागानाच्या ओळीत तू शब्द शोधत बसशील. किशोरवयीन मुलांसाठीच्या मांगा पुढे जाऊन घे, त्यांत कांजीशेजारी बारीक अक्षरात फुरिगाना, म्हणजे तिचा उच्चार, दिलेला असतो. त्यातही शाळा-घर-मैत्रिणी अशा रोजच्या आयुष्यावरची निवड. तलवारी आणि राक्षसांच्या गोष्टींतले शब्द तुझ्या रोजनिशीत कधी यायचे? आणि आओझोरा बुंको. १९९७ पासून चालत आलेलं हे जालावरचं मोफत ग्रंथालय, हक्कमुक्त झालेलं केवढं तरी जपानी साहित्य तिथे आहे. एक दिवस तू तिथे नक्की रमशील. पण तिथला बराचसा मजकूर युद्धापूर्वीचा आहे, भाषा जुन्या वळणाची आहे. आज गेलीस तर पुन्हा अकराव्या पानावर अडकशील.

वाचताना हात शब्दकोशाकडे जाईलच. त्याला एवढंच सांग की गोष्ट संपल्यावर. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मार आणि पुढे जा. गोष्ट संपली की जे शब्द दोन-तीनदा येऊन गेले तेवढेच बघ. एकदाच आलेला शब्द राहू दे. गरजेचा असेल तर तो पुन्हा भेटेल. आवडलेली गोष्ट आठवड्याने परत वाच. दुसऱ्या वेळी ती निम्म्या वेळात होते, आणि आपण पुढे सरकलोय हे कोणी प्रमाणपत्र न देता कळतं.

आणि ती नऊशे कार्डं पुसून टाक. सगळी. त्या ॲपचं गणित असं असतं की तू चार दिवस चुकलीस की पाचव्या दिवशी ते पाच दिवसांचं एकदम मागतं, आणि ती उधारी बघूनच माणूस फिरकत नाही. त्यात जे तुला खरोखर पाठ झालंय ते कार्ड पुसल्याने डोक्यातून जाणार नाही. पुढे वाटलं तर नव्याने सुरू कर, पण कोणाची तयार यादी उतरवू नकोस. तू स्वतः वाचलेलं वाक्य, आठवड्याला पाच-सात, बस.

आता रोजनिशी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला वाटतं तुझी खरी उमेद इथे सापडेल.

'कामावर गेले, दमले, झोपले' हे तू का लिहितेस? तुझा दिवस तेवढाच असतो म्हणून नव्हे. तुला जपानीत तेवढंच न चुकता लिहिता येतं म्हणून. लिहिण्याचा फायदा मात्र आपण अडतो तिथेच सुरू होतो. मेरिल स्वेन या कॅनडातल्या अभ्यासक. फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेली तिथली मुलं ऐकलेलं-वाचलेलं छान समजून घेत, पण त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातल्या चुका जात नव्हत्या. त्यावरून स्वेनबाईंनी १९८५ मध्ये मांडलं की भाषा नुसती आत घेऊन पुरत नाही, ती वापरावीही लागते. पुढे त्यांनी हेही मांडलं की ती स्वतः वापरताना आपल्याला काय येत नाही ते लक्षात येतं, आणि ते लक्षात येणं शिकण्याचाच भाग आहे. तू ज्या क्षणी 'हे मला जपानीत सांगता येत नाही' म्हणून मागे फिरतेस, तो क्षण खरं तर कामाचा होता.

म्हणून अडलं की फिरू नकोस. तो शब्द सरळ मराठीत लिही, त्याला गोल कर आणि वाक्य पुरं कर. 'क्यो वा' म्हणजे 'आज', मग मराठीत 'वैताग', पुढे जे येतं ते. आठवडाभरात असे दहा-बारा गोल जमतील. मग वाचताना त्यातला एखादा शब्द अचानक समोर येतो आणि पानातून उडी मारून डोळ्यांत शिरतो, कारण तू त्याचीच वाट बघत होतीस. असा शब्द पाठ करावा लागत नाही.

दुसरं, वाचनातलं रोज एक वाक्य रोजनिशीत आण. पण जसंच्या तसं उतरवू नकोस, त्याचा साचा ठेव आणि आत तुझा दिवस भर. समज, गोष्टीत हे वाक्य आलं: 'एकि नि त्सुइता तोकि, देन्शा वा मोउ देते इता.' स्टेशनवर पोहोचले तेव्हा गाडी आधीच सुटली होती. आता तुझा दिवस आठव. 'इए नि त्सुइता तोकि, आमे वा मोउ यान्दे इता.' घरी पोहोचले तेव्हा पाऊस थांबलेला होता. किंवा 'काइगिशित्सु नि त्सुइता तोकि, काइगि वा मोउ हाजिमात्ते इता.' मीटिंगच्या खोलीत पोहोचले तेव्हा मीटिंग सुरू झालेली होती. बघ, 'कामावर गेले' यापेक्षा केवढं सांगून झालं. तिथे उशिरा पोहोचलेली, ओशाळलेली एक बाई दिसायला लागली. आणि साचा जपानी माणसाने लिहिलेल्या मजकुरातून घेतलाय, त्यामुळे चुकायची भीतीही निम्मी झाली.

तिसरं, तू मनात आधी इंग्रजी वाक्य करतेस का? पत्रात लिहिलं नाहीस, पण पुस्तकं इंग्रजीतली असल्यामुळे बहुतेक जण तेच करतात. तो वळसा सोड, मराठीतून थेट जा. 'तोमोदाचि नि तेगामि ओ काइता', म्हणजे मैत्रिणीला पत्र लिहिलं. शब्दांचा क्रम तोच, 'ला'च्या जागी 'नि', क्रियापद शेवटी, आणि कोणी लिहिलं ते दोन्हीकडे सांगितलेलंच नाही. पुढे तर आणखी जवळीक निघते. वाचून बघितलं हे आपण म्हणतो तसंच 'योन्दे मिता', लिहून ठेवलं तसंच 'काइते ओइता'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ज्या रूपांवर पानंच्या पानं समजावून द्यावी लागतात, ती तुझ्या तोंडात जन्मापासून आहेत. शब्दकोशातला आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडला असं मानतात, म्हणून तर तो तुला इतका पटकन पाठ झाला.

काही बारीकसारीक गोष्टी. रोजनिशीत 'देसु-मासु'ची गरज नाही. ती समोरच्याशी बोलतानाची अदब आहे आणि इथे समोर तूच आहेस. साधी रूपं वापर, 'त्सुकारेता' (दमले), 'योन्दा' (वाचलं), 'इत्ता' (गेले). गोष्टींतही बहुतेक ठिकाणी हीच भेटतील, मग हात आणि डोळे एकाच भाषेत काम करतील. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'वाताशि वा'ने करू नकोस, आपणही मराठीत 'मी, मी' करत नाही. कांजी येत असेल तिथे लिही, नसेल तिथे हिरागाना. त्याची लाज बाळगू नकोस. दहाव्या शतकात कि नो त्सुरायुकि या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या प्रवासाची रोजनिशी काना लिपीत, म्हणजे हिरागानात लिहिली. पुरुषांच्या रोजनिश्या तेव्हा चिनी लिपीत, चिनी वळणाने लिहिल्या जात, म्हणून त्याने लिहिणारी बाई आहे असं भासवलं. 'तोसा निक्कि' नावाची ती रोजनिशी जपानी रोजनिशी-साहित्याच्या आरंभी मानाने ठेवली जाते. आणि शब्द अगदीच सुचत नसतील त्या दिवशी चित्र काढ. जपानी शाळकरी मुलांना सुट्टीत 'ए-निक्कि' लिहायला देतात, वर चित्र आणि खाली दोन-चार ओळी. चित्रात काय काय आहे ते सांगायला गेलं तरी पाच वाक्यं होतात.

चुका कोण दाखवणार, ही तुझी काळजी रास्त आहे, पण तिला आहे त्यापेक्षा मोठी करू नकोस. रोजचं लिखाण तपासून घ्यायची गरज नाही. आठवड्यातून एक नोंद निवड, जी तुला मनापासून सांगावीशी वाटली ती, आणि तेवढीच एखाद्या जपानी माणसाला दाखव. लँगकरेक्टसारख्या ठिकाणी लोक एकमेकांच्या रोजनिश्या तपासून देतात. तू मराठी किंवा इंग्रजी तपासून दे, कोणी तुझं जपानी देईल. सांगताना एवढं सांग की फक्त चूक दाखवू नका, हे तुम्ही कसं म्हणाल तेही लिहा. आलेलं दुरुस्त वाक्य हाताने एकदा लिहून काढ आणि तिथेच थांब. भाषांतर करणाऱ्या यंत्राकडून आधी वाक्य बनवून घेऊन ते उतरवू नकोस. ते इतकं गुळगुळीत वाक्य देतं की त्यात तुझं काहीच उरत नाही, मग वहीशी नातं कसं जुळायचं? लिहून झाल्यावर एखादी शंका विचारायला ते ठीक आहे.

रोज म्हणजे किती, हेही बोलू. अर्ध्या तासातली वीस मिनिटं वाच, दहा मिनिटं लिही, त्याच क्रमाने, म्हणजे वाचलेलं वाक्य हाताशी ताजं असतं. ज्या दिवशी डोळे मिटत असतील त्या दिवशी जुनी, वाचून झालेली एक छोटी गोष्ट वाच आणि झोप. चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी पाचव्या दिवसाचंच लिही. मागचं भरून काढायचं नाही, माफी मागायची नाही, सलग किती दिवस झाले याची मोजणी तर मुळीच ठेवायची नाही. ती मोजणी तुटली की माणूस भाषा सोडतो, हे मी अनेक हुशार विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

बाकी लोकांच्या एन-२ बद्दल एकच हिशेब देते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना जपानीत कामकाज करण्याइतकं तयार करायला सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरतं, आणि तेही पूर्ण वेळ, शिक्षकांसमोर. रोज अर्धा तास म्हणजे तुझे दीड वर्षात पावणेतीनशेच्या आसपास झाले. त्यांची मातृभाषा इंग्रजी आणि तुझी मराठी, त्यामुळे आकडा तंतोतंत लावू नकोस, पण एवढं कळतं की तू मागे पडलेली नाहीस, तू जिथे असायला हवीस तिथेच आहेस. कोणी वर्षभरात एन-२ केलं असेल तर त्याने दिवसाला किती तास दिले ते त्या छायाचित्रात दिसत नाही. त्याला चिनी अक्षरं आधीपासून येत होती का, तेही नाही. असं काही बघून रात्रीच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं जात असतील तर ते सहा महिने बघू नकोस. खरंच सांगते.

क्लासचं म्हणशील तर आत्ता लावू नकोस. तुझं दुखणं वाचनाच्या पातळीचं आहे आणि क्लासने ते जाणार नाही, उलट गृहपाठ वाढेल. सोप्या गोष्टी दोन-तीन महिने वाचून झाल्यावर आपल्याला बोलायचंय असं वाटलं, तर बोलण्यासाठी जरूर लाव, कारण तेवढी एक गोष्ट वही देऊ शकत नाही. परीक्षेचंही तसंच. जेएलपीटी, म्हणजे तुझी ती एन-५, एन-४ची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. समोर तारीख असली की तुला हुरूप येत असेल तर एन-४चा अर्ज भर, त्यात वाचनाचे उतारे असतात आणि हे सगळं वाचन तिथे कामी येईल. पण निबंध किंवा बोलणं त्या परीक्षेत नसतं, त्यामुळे तुझी रोजनिशी किती सुधारली हे तिच्या गुणपत्रिकेत शोधू नकोस. त्यासाठी वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाल, ते तीन वाक्यं असलेलं पान फाडू नकोस, आणि दिवाळी अंकाच्या सुमाराला मला पुन्हा लिही. तेव्हाची एक नोंद जपानीतच पाठव. गोल केलेल्या मराठी शब्दांसकट पाठव, मी त्यातले जमतील तेवढे भरून देईन.